आठवा दिवस

डुलुथच्या इस्पितळात, तळघरात, माझं टेबल आहे.
खिडकी नाही. डोक्यावर पाइप,
त्यांतून गरम पाणी जातं
उपाशी पोटासारखं गुरगुरत.
दर तीन महिन्यांनी तीस फायली खाली येतात.
तीस मुलं. शितावरून भाताची परीक्षा.
भात मी कधी पाहिलेला नाही.

प्रश्न चौदा.
वजन लिहिलंय का?
औषध बदललं, तर का बदललं ते लिहिलंय का?
मुलाला एकट्याला विचारलं, की आईच्या देखत?
जीव नकोसा होतो का, हे विचारलं का, कोणत्या तारखेला?
आणि अकरावा: वॉर्डातून घरी सोडल्यावर
सात दिवसांच्या आत कुणी त्याला भेटलं का?
हो. नाही.
तिसरा रकाना नाही.

फाइल एकोणीस. वय नऊ.
नावावर काळी पट्टी असते,
पण एका नर्सच्या हातून मजकुरात
एकदाच निसटलंय: आर्विड.
आर्विड शाळेच्या खडूंच्या कपाटात
चार तास बसला होता, दार आतून धरून.
मंगळवारी सोडला. भेट पुढच्या सोमवारची.
सोमवारी सरोवरावरून वादळ आलं,
रस्ते बंद, मंगळवारीही बंद.
बुधवारी बर्फ उपसणाऱ्या गाडीच्या मागोमाग
चाळीस मैल, मामाच्या पिकअपमधून,
तो आला.
पन्नास मिनिटं. शेवटची ओळ अशी:
‘आज आपणहून बोलला. मला विचारलं,
तुम्ही कुठे झोपता?’

आठवा दिवस.
नाही.

फाइल वीस. सहावा दिवस. अकरा मिनिटं.
‘ठीक. तेच औषध चालू.’ सही लागत नाही.
हो.

वरच्या मजल्यावरचा तरुण डॉक्टर लिंडक्विस्ट
कॉफी ढवळत म्हणतो, मार्लिस,
मुलं म्हणजे काय बटाटे आहेत, तोलायला?
मापातच पाप आहे तुमच्या.
असेल.
मी त्याला कॉरिनचं सांगत नाही.

तेव्हा मी वर होते, काउंटरवर, वेळा द्यायला.
कॉरिन चौदाची. हिरवा कॉर्डरॉयचा कोट.
तिच्या पुढच्या भेटीची चिठ्ठी
माझ्या स्टेपलरखाली सरकली
आणि तिथेच राहिली.
कुणी फोन केला नाही. कुणी विचारलं नाही,
का केला नाही. विचारायचा प्रश्नच
तेव्हा कुणाकडे नव्हता.
आम्ही सगळे चांगले होतो. फार मायाळू.
भिंतीवर अस्वलांची चित्रं होती.
तेविसाव्या दिवशी तिच्या वडिलांचा फोन आला.
भेटीची वेळ नको होती त्यांना.
कोट तुमच्याकडे राहिलाय का, एवढंच.
राहिला होता. खुंटीवर.
मी तो कागदात बांधला, सुतळी दोनदा गुंडाळली,
मग सोडून पुन्हा बांधला.

अकरावा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षांनी आला,
कुठल्याशा समितीकडून, कुठल्याशा शहरातून.
त्यांना कॉरिन माहीत नाही.
मी पहिल्यांदा वाचला तेव्हा
पेन्सिल खाली ठेवून पाइपांचा आवाज ऐकत बसले.

म्हणून आर्विड, तुझं ‘नाही’ मी खोडणार नाही.
खोडायला लागले तर मला माझा हात ठाऊक आहे,
तो सगळ्यांचंच खोडेल.
खाली शेऱ्याची जागा आहे, दोन ओळींची.
यंत्र ती वाचत नाही. मी लिहिते:
रस्ता बंद होता. तरी आला.
प्रश्न विचारला.

आमच्या चौदांत
मुलाने विचारलेला एकही नाही,
हे माझ्या आत्ता लक्षात येतंय, एकोणीस वर्षांनी.
तुम्ही कुठे झोपता?
त्या बाईने काय उत्तर दिलं,
फायलीत नाही.

चार वाजलेत. वर अंधार पडला असेल.
फाइल एकवीस. वय सहा.
वजन लिहिलंय.